कामोठे ते सिंगापूर : बॅगेतील ओझे आणि घड्याळातील सूर्यास्त

शीव-पनवेल महामार्गालगत सिडकोने वसविलेले कामोठे हे तसे अलीकडचे उपनगर. मानसरोवर आणि खांदेश्वर ही हार्बर मार्गाची दोन स्थानके हाताशी, आखीव सेक्टर आणि जवळजवळ प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर दुकानांची रांग. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा कामोठे तिच्या हद्दीत आले. वर घर आणि खाली दुकान अशी व्यवस्था असलेल्या व्यापारी कुटुंबांना वर्षभर उसंत नसते. ती मिळते मे महिन्यात, मुलांच्या शाळा बंद असताना. आणि आता त्या दिवसांत परदेशवारीचा बेतही अनेक घरांत होऊ लागला आहे.

अशाच एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी सिंगापूरच्या सहा दिवसांच्या सहलीची तयारी सुरू होती. जाणारे चौघे : पती, पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. घरातील ज्येष्ठ, म्हणजे बा, मागे राहणार होत्या. मुलीने मागील पर्युषणापासून रात्रिभोजनत्यागाचा नियम धरला होता आणि आजवर तो मोडलेला नव्हता. परदेशात मुले उपाशी राहू नयेत, या काळजीने पलंगावर खाकरे, सुकी भेळ, मुगाची शेव, चुरम्याचे लाडू, ठेपले, तयार उपमा-पोह्यांची पाकिटे असा ढीग जमला. दोन्ही बॅगा भरून दुकानातील वजनकाट्यावर ठेवल्या, तेव्हा एकूण वजनापैकी निम्म्याहून अधिक वजन खाद्यपदार्थांचे निघाले. कपडे अजून बाहेरच होते.

व्यापारी मनुष्य दुकानात माल भरताना तीन गोष्टी पाहतो : खप किती, टिकाऊपणा किती आणि जागा किती. घरच्या बॅगेला मात्र हा हिशोब क्वचितच लावला जातो. बांनी तो लावला. “तिथे सहा दिवस राहायचे आहे, सहा महिने नाही,” एवढेच त्या म्हणाल्या आणि ढीग पुन्हा पलंगावर आला.

पहिली छाननी कायद्याच्या अंगाने झाली. चुरम्याच्या लाडवांवर खसखस होती. आपल्याकडे खसखस हा स्वयंपाकघरातील साधा जिन्नस. सिंगापूरमध्ये मात्र ती अमली पदार्थविषयक कायद्यामुळे निषिद्ध वस्तूंत मोडते आणि संयुक्त अरब अमिरातीतही तिच्यावर बंदी आहे. लाडू बांनी स्वहस्ते केले होते. स्वहस्तेच त्यांनी ते डब्यातून काढून घेतले. मुलांच्या खिशातील च्युइंगमही बाहेर आले, कारण १९९२ पासून सिंगापूरमध्ये ते नेण्यास मनाई आहे. ठेपले उष्ण आणि दमट हवेत फार टिकत नाहीत, म्हणून केवळ प्रवासाच्या दिवसापुरते ठेवले. विमानात जैन भोजन हवे असल्यास ते आधी नोंदवावे लागते. मुलांच्या नावे निराळे बालभोजन नोंदविले गेले, तर त्यात जैन आहाराची खात्री राहत नाही. म्हणून चारही तिकिटांवर जैन भोजनाचीच नोंद करून घेतली.

दुसरी छाननी हवामानाची. सिंगापूर विषुववृत्तापासून सुमारे १३७ किलोमीटर उत्तरेस आहे. तेथे मे महिन्यात दुपारचे तापमान साधारण बत्तीस अंशांच्या आसपास असते. आकडा कामोठ्याइतकाच वाटतो, परंतु दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि लहान मुले लवकर थकतात. त्यात दुपारी गडगडाटासह सर येते. तर इमारतींच्या आत वातानुकूलनाचा गारवा. म्हणून जाड जीन्स काढून सैल सुती कपडे घेतले, धुऊन पुन्हा वापरता येतील असे मोजकेच. प्रत्येक मुलास एक कडेने रुंद टोपी, एक पातळ पूर्ण बाह्यांचे जाकीट आणि मऊ तळव्याचे, आधी वापरून सैल झालेले कॅनव्हासचे बूट. नवे बूट सहलीत घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण. चामड्याचा पट्टा घरात मुळातच नव्हता. सिंगापूरमध्ये डेंग्यू आढळतो; तेव्हा डास मारण्यापेक्षा त्यांना दूर ठेवणारे मलम घेतले. लांब बाह्यांचा उपयोग त्यासाठीही होणार होता.

औषधांची पिशवी लहान पण परिपूर्ण असावी लागते. ओआरएसची पाकिटे, तापाचे औषध आणि मोजण्याची टोपी, घामोळ्यांची पावडर, उन्हापासून बचावाचे मलम, जखमपट्ट्या आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. हातातील सामानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. तापाचे औषध मात्र हाताशीच हवे, म्हणून त्याची लहान बाटली निवडली. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक असल्याचे व्हिसाच्या वेळीच पाहिले होते. आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरावयाचे सिंगापूरचे ऑनलाइन आगमनपत्रक तेवढे शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवले.

पाण्याचा प्रश्न घरात सर्वांत जिव्हाळ्याचा. सिंगापूरच्या नळाचे पाणी पिण्यायोग्य असते. परंतु या घरात गाळून उकळलेल्या पाण्याचा परिपाठ. हॉटेलच्या खोलीत विजेची किटली असते. तेथील प्लगचे तिन्ही पाय चौकोनी असल्याने त्याजोगा अडॅप्टर घेतला. रात्री पाणी उकळून स्टीलच्या बाटल्यांत गार करावयाचे, असे ठरले. उन्हाळ्यात उकळलेल्या पाण्याची मर्यादा परंपरेने पाच प्रहर मानली जाते, तेव्हा एका रात्रीचे पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निभते. बांनी बॅगेच्या कप्प्यात एक स्वच्छ गळणे घडी करून ठेवले. त्याचे वजन नगण्य होते.

मुलीच्या नियमाचा विचारही याच वेळी झाला. मोठी माणसे चोविहार पाळतात, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. परंतु दमट उन्हात दिवसभर फिरलेल्या आठ वर्षांच्या मुलीने रात्रभर पाण्यावाचून राहणे योग्य नव्हे, हे बांनीच सांगितले. “बेटा, तू तिविहार कर. पाणी पी, जेवू नकोस,” असा तोडगा त्यांनी काढून दिला.

एवढी तयारी करूनही एक गोष्ट निसटली : घड्याळ. मे महिन्याच्या मध्यास कामोठ्यात सूर्यास्त सायंकाळी सातच्या सुमारास होतो आणि सिंगापूरमध्येही सातनंतर थोड्याच वेळात. आकडे जवळजवळ सारखे पाहून सर्व निश्चिंत झाले. परंतु सिंगापूरचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. तेथे सात वाजतात तेव्हा कामोठ्यात साडेचार झालेले असतात. आणि मुलांची भूक हातावरचे घड्याळ पाहत नाही, ती कामोठ्याचीच वेळ धरून बसते.

पहिल्या दिवशी नेमके हेच घडले. फिरण्याच्या पिशवीत खाकरे आणि शेव होती, त्यामुळे दुपारभर मुले थोडे थोडे खात राहिली. सायंकाळी सहा वाजता सेरांगून रस्त्यावरील लिट्ल इंडिया भागात, १९४७ पासून चालत आलेल्या कोमला विलास या शाकाहारी उपाहारगृहात सर्व जेवावयास बसले. बटाट्यावाचून साधा डोसा, इडली, दहीभात मागविला. कांद्यामुळे सांबार बाजूला ठेवले. मुलीने अर्धा डोसा खाल्ला आणि पोट भरले म्हणाली. रात्री दहा वाजता, म्हणजे कामोठ्याच्या साडेसातला, तिला कडकडून भूक लागली. खाकऱ्याचे पाकीट उशाशीच होते. आईचा हात त्याकडे गेलाही. मुलीने मान हलविली, पाणी प्याली आणि बराच वेळ कुशी बदलत राहिली. त्या रात्री झोप आईलाही लागली नाही.

सकाळी पती-पत्नींनी हिशोब मांडला. चूक आहाराच्या कमतरतेची नव्हती, विपुलतेची होती. पिशवीतील खाऊमुळेच सायंकाळची भूक मोडत होती. दुसऱ्या दिवसापासून खाऊ हॉटेलातच राहिला. सूर्योदय सातच्या सुमारास, त्यानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी, मग पोटभर न्याहारी. बाराच्या सुमारास हलके जेवण. उन्हाच्या वेळी गार्डन्स बाय द बे येथील थंड काचगृहांत विसावा. त्यानंतर केवळ पाणी. सिंगापूरच्या मेट्रो रेल्वेत खाणेपिणे निषिद्ध असून पाण्याचा घोटही दंडास कारण ठरू शकतो, म्हणून स्थानकात शिरण्यापूर्वीच बाटल्या तोंडाला लागत. सहा वाजेपर्यंत मुलांना खरी भूक लागे आणि ताट रिकामे होई. पावणेआठला त्याच बागेत पन्नास मीटरपर्यंत उंच असलेल्या कृत्रिम महावृक्षांवर दिव्यांचा खेळ सुरू झाला, तेव्हा दोन्ही मुले जेवून तृप्त होती. एका सकाळी जालान यासिन येथील सिंगापूर जैन रिलिजिअस सोसायटीच्या वास्तूत दर्शनही घडले.

कामोठ्यात परतल्यावर बॅग पुन्हा काट्यावर ठेवली गेली. छाननीनंतर नेलेल्या खाद्यपदार्थांपैकीही जवळपास निम्मे न उघडताच परत आले होते. परिग्रहपरिमाणाचे व्रत आपण धनधान्य आणि घरदार यांच्या संदर्भात ऐकतो. प्रवासाच्या बॅगेलाही ते तितकेच लागू पडते. मुलांसह उष्ण देशी जाणाऱ्याने बॅग भरण्याआधी एका कागदावर तेथील सूर्योदय, सूर्यास्त आणि भारताशी असलेला वेळेचा फरक लिहावा, त्यावर जेवणाच्या वेळा बसवाव्यात आणि मगच डबे भरावयास घ्यावेत.

गळणे मात्र रोज वापरले गेले होते. बांनी ते धुऊन गॅलरीत वाळत घातले आणि बाजूला काढलेल्या लाडवांचा डबा मुलांपुढे ठेवला. सूर्य मावळावयास अजून तासभर अवकाश होता.