पोटरीचा वेध

उज्जयिनीस येणारा यात्रेकरू पुष्कळदा देवास गेटपाशीच या नगरीच्या भूमीवर प्रथम पाय ठेवतो. रेल्वेचे स्थानक तेथून जवळ, मोटारींचा थांबाही तेथेच. प्रवासात आखडलेले पाय मोकळे करीत मंडळी महाकालाच्या वाटेला लागतात. आपल्या समाजाला हे क्षेत्र परके नाही. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले, ही गोष्ट आपल्या घरांतून आजही अभिमानाने सांगितली जाते. त्यामुळे दर्शनास येणाऱ्या मंडळींत मराठी आणि क्वचित कोंकणी बोल कानी पडले, की मन क्षणभर तिकडे वळतेच.

अशाच एका कुटुंबात मी सात-आठ वर्षांचा मुलगा पाहिला. त्याच्या टाचा जमिनीला लागत नव्हत्या. चवड्यांवर भार देऊन, गुडघ्याला गुडघा घाशीत, आजीच्या हाताला लोंबकळत तो चालला होता. आजी दर चार पावलांनी म्हणे, “टाच टेकव रे बाळा, टाच टेकव!” मुलगा हसे, एक पाऊल नेटाने दाबून पाही आणि पुन्हा चवड्यांवर जाई. मागून येणारी त्याची आई एक अक्षरही बोलत नव्हती. तिचे ते मौन मला आजीच्या शब्दांहून अधिक बोलके वाटले. टाच टेकवणे त्या मुलाच्या हाती होते काय? आणि नसेल, तर ते कोणाच्या हाती होते?

या विकारास मेंदूचा पक्षाघात किंवा सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या कोवळ्या काळात वाढत्या मेंदूस इजा पोहोचते. ती इजा पुढे वाढत नाही. परंतु शरीर मात्र वाढत राहते आणि त्याबरोबर तिचे परिणाम पालटत जातात. हजार मुलांमागे साधारणपणे दोघा-तिघांच्या वाट्याला हे येते. विल्यम जॉन लिटल नावाच्या इंग्रज वैद्याने १८६१ साली कठीण बाळंतपण आणि मुलांच्या अंगातला हा ताठरपणा यांचा संबंध लंडनच्या वैद्यांपुढे मांडला. पुढे मानसशास्त्रात अजरामर झालेल्या सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ साली याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला आणि दोषाचे मूळ पुष्कळदा गर्भावस्थेतच असावे, असे सुचविले. आपल्याकडे गर्भातच वाकलेल्या देहाची कथा त्याहून कितीतरी जुनी आहे. वनपर्वातील अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा होता, आणि जनकाच्या सभेत वाद जिंकणाराही तोच होता. देह वाकडा म्हणून बुद्धी वाकडी नव्हे, हे व्यासांनी सांगून ठेवले. तरीही १९७२ साली मिठू अलूर यांना अशा मुलांसाठी मुंबईत शाळा काढावी लागली, कारण त्यांच्या कन्येला सामावून घेणारी शाळाच नव्हती. त्या कन्येने, मालिनी चिब यांनी, पुढे उच्च शिक्षण घेतले आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले.

पण प्रश्न टाचेचा आहे. ती वर का उचलली जाते? पूर्वीपासूनची समजूत अशी की, मेंदूकडून चुकीची आज्ञा येते, पोटरीचा स्नायू सतत ताणलेला राहतो आणि हळूहळू आखडून आखूड होतो. ती खोटी नव्हती, परंतु अपुरी होती. आज्ञा देणारा मेंदू वैद्यांनी पुष्कळ अभ्यासला. आज्ञा झेलणाऱ्या पोटरीच्या आत काय चालले आहे, हे जिवंत आणि वाढत्या मुलात पाहावयाचे कसे? शस्त्रक्रियेच्या वेळी कातडी उघडली की डोळ्यांना काही दिसे. लिटलच्या स्वतःच्या वाकड्या पावलावर १८३६ साली जर्मनीतील स्ट्रोमायर या शस्त्रवैद्याने कंडरा कापून उपचार केला होता. पण केवळ पाहण्यासाठी कोणी मुलाची पोटरी उघडीत नाही.

उज्जयिनी ही वेधाची नगरी आहे. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेखा येथून नेली आणि सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात क्षिप्रेच्या काठी वेधशाळा बांधली. तेथील दगडी यंत्रे आकाशाला हात न लावता, नुसत्या सावलीवरून, सूर्याची गती सांगतात. न भेदता वेध घ्यावयाचा, हीच युक्ती गेल्या काही दशकांत माणसाच्या देहासाठी ध्वनीने साधली आहे.

१८८० साली क्युरी बंधूंना असे आढळले की काही स्फटिक दाबले असता वीज निर्माण होते. याच्या उलट, वीज दिली असता ते थरथरतात. त्या थरथरीतून मानवी कानाला न ऐकू येणारा ध्वनी निघतो, शरीरात शिरतो आणि निरनिराळ्या थरांवर आदळून परततो. परतण्यास लागलेल्या वेळेवरून चित्र तयार होते. १९५८ साली ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांनी पोटातील गाठी व गर्भ यांची अशी चित्रे प्रसिद्ध केली आणि सोनोग्राफी घराघरांत माहीत झाली. पुढे १९८० च्या सुमारास लंडनमध्ये व्हिक्टर ड्युबोविट्झ आणि जॉन हेकमॅट यांनी तेच यंत्र मुलांच्या स्नायूंवर ठेवले. निरोगी स्नायू काळसर दिसतो व त्यात उजळ रेषा असतात. रोगट स्नायू पांढुरका होत जातो.

पोटरीचे चित्र पाहिले की आपल्या माणसाला नारळाची झावळी आठवावी. मधल्या दांड्याला जशा पात्या तिरप्या लागलेल्या असतात, तसे स्नायूचे तंतूही पडद्यांमध्ये तिरपे बसलेले असतात. यंत्रावर त्यांची लांबी मोजता येते, कोन मोजता येतो, आणि यंत्राचा हातातील भाग कोठे आहे याची नोंद कॅमेऱ्यांनी ठेवली, तर संपूर्ण स्नायूचे घनफळही काढता येते. मुलाला बंद नळीत निश्चल निजवावे लागत नाही, सुई नाही, किरणांचा धोका नाही. आईच्या मांडीवर बसूनही मोजमाप होते. तो भाग पोटरीला बांधून मुलाला चालविले, तर पावलागणिक स्नायू किती लांबतो आणि कंडरा किती, हेही दिसते.

या मोजमापाने काय सांगितले? लंडनमध्ये अॅडम शॉर्टलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अशा मुलांच्या पोटरीचे तंतू मोजून सांगितले, की केवळ ‘तंतू आखूड झाले’ एवढ्या उत्तराने भागत नाही. ऑस्ट्रेलियातील ली बार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दोन ते पाच वर्षांच्या मुलांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्या कोवळ्या वयातच पोटरीचा स्नायू इतर मुलांच्या मानाने सुमारे पाचव्या हिश्शाने लहान आढळला. स्नायूचा मांसल भाग तोकडा आणि त्याखालची कंडरा लांब, असेही अनेकांना दिसून आले. अमेरिकेत रिचर्ड लीबर यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी तंतूंच्या आतील सूक्ष्म घटक मोजले, तेव्हा ते चुरमुडलेले नव्हते, उलट प्रमाणाबाहेर ताणलेले होते. या सर्वांचा मथितार्थ एवढाच की, हाड वाढते आणि स्नायू त्याच्याबरोबर वाढू शकत नाही. आपल्याला जो हट्ट वाटतो, ती वाढीतील उणीव आहे.

हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्याने एका आईची निर्दोष मुक्तता होते. अशा घरांतून आईने काय काय ऐकलेले असते! तेलाचे मर्दन नीट केले नाही, पाय ओढून धरले नाहीत, गरोदरपणी ग्रहण पाळले नाही, पूर्वजन्मीचे काही असेल. मग नवस होतात, कुलदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले जाते, मूर्तीला पाकळ्या लावून प्रसाद पाहिला जातो. यांतील श्रद्धेला मी हसणार नाही. दुःखाला कोठेतरी टेकावयाची जागा लागते. परंतु आईच्या कपाळी दोष लावण्याचा अधिकार त्या श्रद्धेने आपल्याला दिलेला नाही. नुसते हातांनी पाय ओढल्याने टाच कायमची टेकेल, ही आशाही अभ्यासांनी फारशी उचलून धरलेली नाही. स्नायूला लागते ते बळ, वापर, योग्य आधार आणि वेळीच मिळणारा सल्ला. टाच थोडी खाली आली, तर लांबले कोण, स्नायू की आधीच लांब असलेली कंडरा, हे ध्वनिचित्र सांगते. ताठरपणा उतरविणारे औषध टोचताना सुई नेमक्या स्नायूत गेली की नाही, हेही तेच दाखविते.

मग हे यंत्र गावोगावच्या व्यायामोपचार करणाऱ्यांच्या हाती का नाही? उत्तर लाजिरवाणे आहे. ज्या ध्वनीने गर्भ दिसला, त्याच ध्वनीने आपण गर्भातील मुलगी हेरली आणि मारली. महाराष्ट्राने १९८८ साली याविरुद्ध कायदा केला. संसदेने १९९४ साली केला व तो १९९६ पासून अमलात आला. या कायद्याखाली आता असे प्रत्येक यंत्र नोंदलेले, नोंदलेल्या जागेतच आणि ठरावीक शिक्षण घेतलेल्या वैद्याच्याच हाती असावे लागते. फिरते यंत्र झोळीत घालून खेड्यातल्या शिबिरात न्यावे, असे सहज घडत नाही. कायदा कठोर आहे, आणि तो तसा असण्यास आपणच कारण आहोत. तो सैल करा, असे मी म्हणणार नाही. परंतु वाटेवर एक लंगडणारे मूल आपल्या मुलीविषयीच्या पापाचा दंड भरीत आहे, हे निदान ओळखावे. केवळ उथळ भाग दाखविणारी आणि गर्भापर्यंत न पोहोचणारी साधने वेगळी ओळखून त्यांना कायद्यात जागा देता येईल काय, याचा विचार जाणत्यांनी अवश्य करावा.

तोवर समाजाच्या हातीही काही आहेच. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली मुलांची तपासणी होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे योजिली आहेत. २०१६ च्या कायद्याने मेंदूचा पक्षाघात ही स्वतंत्र दिव्यांगता मानली आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविम्याची योजनाही आहे. आपल्या देवस्थानांच्या धर्मशाळा आहेत, सभामंडप आहेत, वर्षातून एकदा तरी सारे कुळ तेथे जमते. त्या दिवशी एक खोली तपासणीसाठी मोकळी ठेवणे, माहितगार माणसाला बोलावणे, पायऱ्यांच्या शेजारी एक उतार बांधणे, हे काम उत्सवाच्या खर्चात सहज सामावेल. दोन वर्षांच्या मुलाची पोटरी इतरांपेक्षा लहान आहे हे त्याच वयात कळले, तर उपचारांच्या हाती पुढची सारी वाढीची वर्षे राहतात. आठव्या वर्षी कळले तर तेवढी गेलेली असतात.

अष्टावक्राच्या कथेचा शेवट असा आहे की, पित्याच्या सांगण्यावरून तो समंगा नदीत उतरला आणि त्याचे अंग सरळ झाले. प्रत्येक मुलाच्या वाटेवर समंगा नसते. पण त्या कथेतील पिता, ज्याने आधी शाप दिला होता, तोच शेवटी मुलाला नदीकाठी नेऊन उभा करतो. ज्या घराने, ज्या समाजाने दोष लावला, त्यानेच हात धरून वाट दाखवावी, एवढे तरी आपल्याला करता येण्यासारखे आहे. कौल देवाचा घ्यावा. मोजमाप मात्र आपण वेळेवर करावे.