भाकरी मोजताना

मी मास्तर माणूस. दहापैकी 6.2 म्हणजे पहिला वर्ग, असं मनाशी म्हणत मी वाशीमच्या डॉक्टरांसमोर बसलो. तपासणीचं नाव ‘एचबीएवनसी’. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटून राहते, म्हणून गेल्या दोन-तीन महिन्यांत आपल्या रक्तात साखर किती होती याचा अंदाज या एका आकड्यातून लागतो. 5.7 च्या खाली असलं की ठीक. 6.5 पासून पुढे मधुमेह. मधे जो पट्टा आहे तो उंबरठा, आणि मी त्या उंबरठ्यावर जवळपास मधोमध उभा होतो. एकटा नव्हतो. देशात असे 13.6 कोटी लोक असावेत, असा अंदाज ‘आयसीएमआर-इंडियाब’ या मोठ्या पाहणीने 2023 साली मांडला आहे. एवढ्या गर्दीत पहिला वर्ग कसला?

डॉक्टर म्हणाले, “सर, सध्या गोळी नको. आधी लो-कार्ब करून पाहा.” कार्ब म्हणजे कर्बोदकं. ‘कर्बोदके ऊर्जा देतात’ हे वाक्य मी मुलांकडून वर्षानुवर्षं पाठ करून घेतलंय, शेजारच्या ज्वारी, तांदूळ, बटाट्याच्या चित्रांसकट. पण त्या चित्रांचा आणि माझ्या ताटाचा काही संबंध असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. “म्हणजे साखर बंद, एवढंच ना?” असं विचारून मी उठलोसुद्धा. डॉक्टरांनी ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी मागच्या बाकावरच्या पोरांकडे पाहत असतो.

साखर बंद झाली आणि तिच्या जागी गूळ आला. गूळ देशी, गूळ आईला मान्य, त्यात लोह असतं म्हणतात. सोबत ‘शुगर फ्री’ बिस्किटांचा पुडा. घरी प्रयोग सुरू झाल्याची हवा झाली. मग मुलीने पुड्याच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं: पहिला घटक मैदा. आणि गूळ म्हणजे बहुतांश साखरच, थोडी काळी, थोडी ओलसर. मी चहात तो दुप्पट टाकत होतो.

मग मी डॉ. दीक्षितांच्या वाटेला लागलो. आमच्या भागात या विषयाची ओळख बहुतेकांना तिथूनच झाली. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित गावोगाव सांगत फिरले, की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवा. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. वीसेक पदव्या मिळवणारे आणि 2004 साली अपघातात गेलेले, तेच जिचकार. मला वाटलं, हेच ते लो-कार्ब. घड्याळ समोर ठेवलं आणि 55 मिनिटांत पोळ्या, भात, वरण, वर शिरा, असं सगळं बसवलं. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा फरक कळला. दीक्षितांचा भर आहे शरीरात इन्सुलिन किती वेळा सुटतं यावर, म्हणजे कितीदा खाता यावर. लो-कार्बचा भर ताटात काय आहे यावर. मी दोन्हींतला सोयीचा भाग उचलला होता.

यानंतर गव्हाला हद्दपार केलं. पोळी म्हणजे मधुमेह आणि भाकरी म्हणजे आरोग्य, हे आमच्या पारावर सिद्ध झालेलं शास्त्र आहे. म्हणून रोज ज्वारीची भाकरी, पोट भरेपर्यंत. आई खूश. पण मनात शंका होती, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2017 चा अन्नघटकांचा तक्ता मिळवला. ज्वारी : 100 ग्रॅमला सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं. गव्हाचं पीठ : सुमारे 64. मी तो आकडा दोनदा वाचला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. ज्वारीचे बाकीचे गुण असतील ते असतील, पण कर्बोदकांच्या हिशेबात ती गव्हाच्या किंचित पुढेच होती!

मग घरातला डिजिटल काटा आणला आणि बायकोला म्हटलं, “एका भाकरीचं पीठ यात टाक.” 80 ग्रॅम भरलं. आमच्याकडची भाकरी मोठी असते, आणि पाहुणा असला की आणखी मोठी. म्हणजे एका भाकरीत 54 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. लो-कार्ब कशाला म्हणायचं याच्या व्याख्या बऱ्याच आहेत, पण दिवसाला 130 ग्रॅमच्या खाली ही बऱ्यापैकी मान्य असलेली रेघ. कीटो नावाचा कडक प्रकार तर 50 च्याही खाली जातो, म्हणजे दिवसभरात एक भाकरीही नाही. मी सकाळी दोन आणि रात्री दोन भाकरी खात होतो, शिवाय भात, शिवाय मधल्या सुट्टीतले पोहे. हिशेब फळ्यावर मांडला असता तर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आई चुलीपुढून म्हणाली, “अन्न काट्यावर ठेवून राहिला बाप्पा. किराणा दुकान टाकतं का?”

आता ग्लुकोमीटरबद्दल. रक्तातली साखर मोजायचं हे यंत्र विकत घेतल्यावर पहिले काही दिवस मी बोट टोचायलाच घाबरत होतो. शेवटी मुलीने टोचलं. जेवणानंतर दोन तासांनी पाहायचं, असं ठरलं. आषाढी एकादशीला मी निर्धास्त होतो, कारण उपास. दिवसभर साबुदाण्याची उसळ, संध्याकाळी बटाट्याचा कीस, भगर. यंत्राने दाखवलेला आकडा दोनशेला टेकला होता. दोन भाकऱ्या खाल्ल्या तरी तो इतका वर जात नसे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिन नावालाही नाही. वर्षभर मी ज्या दिवशी सगळ्यात जास्त कर्बोदकं खात होतो, तो दिवस उपासाचा निघाला.

मग चिडून एकदम सगळं बंद केलं. भाकरी नाही, भात नाही, बटाटा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं, पायांत गोळे आले, आणि चौथीच्या वर्गात सातचा पाढा म्हणताना मी सात सत्ते एकोणपन्नासला अडकलो. पण वजनाचा काटा भराभर खाली येत होता, म्हणून मी डॉक्टरांकडे ऐटीत गेलो. ते म्हणाले, “हे पाणी आहे, सर. चरबी इतक्या लवकर जात नाही.” यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेसोबत तिच्या तिप्पट पाणी असतं. साठा संपला की तेही जातं. वर इन्सुलिन कमी झालं की लघवीवाटे मीठही जास्त जातं, म्हणून डोकं दुखतं. ताकात मीठ घालून प्या, म्हणाले. मी इतके दिवस मिरवत होतो ते फक्त पाणी होतं.

त्याच भेटीत त्यांनी एक गोष्ट दटावून सांगितली, ती इथे लिहितो, कारण माझं पाहून शेजारचे काका हेच करायला निघाले होते. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी स्वतःच्या मनाने भाकरी बंद करायची नाही. औषध तेवढंच राहिलं आणि खाणं कमी झालं की साखर धोकादायक खाली जाऊ शकते. बीपीची गोळी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनीही आधी विचारायचं. काकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “मास्तर, तुम्हीच अर्धवट शिकले, अन् मले शिकवता.”

थोडी अक्कल आल्यावर प्रश्न बदलला. काय सोडायचं हे कळलं होतं. खायचं काय? इंटरनेटवर सांगतात, अ‍ॅव्होकाडो खा, ब्रोकोली खा, बदामाच्या पिठाची पोळी करा. वाशीमच्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बदाम पाहुण्यांच्या शिऱ्यावर दिसतो. मग मी तोच तक्ता उलट्या बाजूने वाचायला घेतला, ज्यात कर्बोदकं कमी आणि प्रथिनं जास्त, असं काय आहे ते शोधत. शेंगदाणे : कर्बोदकं सुमारे 17 ग्रॅम. अंडं : जवळपास शून्य. बेसन : 47, पण प्रथिनं 21 च्या वर, आणि चून करताना बेसन लागतंच किती? (बाहेरचे लोक त्याला पिठलं म्हणतात.) जवस, तीळ, कारळ, म्हणजे आईच्या चटण्यांचे सगळे डबे. आणि यादीच्या टोकाला सोयाबीन : प्रथिनं सुमारे 36, तेल 20, कर्बोदकं जेमतेम 13.

सोयाबीन! 1998 साली अकोल्यातून वेगळा झालेला आमचा वाशीम जिल्हा खरिपात सोयाबीनवरच जगतो. माझ्या स्वतःच्या वावरात तेच आहे. पूर्वी याच वावरांत ज्वारी असायची. आता आम्ही सोयाबीन विकतो आणि ज्वारी विकत आणतो. सोयाबीनचं तेल निघतं, उरलेली प्रथिनयुक्त ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आमच्या मातीतलं उत्तम प्रथिन कोंबडी खाते आणि आम्ही पोहे. हा शोध लागल्याच्या आनंदात मी कोपऱ्यातल्या पोत्यातून मूठभर दाणे काढले. बायको धावत आली. “अहो, ते पेरणीचं बियाणं आहे! औषध लावलेलं!” दाणे गुलाबी का आहेत, हे मला विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या खेपेला साधे दाणे घेतले, रात्रभर भिजवले आणि हरभऱ्यासारखी उसळ केली, जरा कचवट ठेवून. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचं पचन अडवणारा एक घटक असतो. त्याचं नाव ‘ट्रिप्सिन इन्हिबिटर’, म्हणजे माझ्या मराठीत ‘पचन-अडव्या’. तो नीट शिजवल्यावरच निकामी होतो. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, केंद्रप्रमुखांची शाळाभेट चालू असताना. पोटाचे आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेले. आता आम्ही दाणे भिजवतो, पाणी फेकून कुकरमध्ये चांगल्या शिट्ट्या देतो, आणि वाळवून-भाजून दळलेलं थोडं पीठ भाकरीच्या पिठातही मिसळतो. वास येतो. आई त्या भाकरीला हात लावत नाही. “सोयाबीन काय मानसानं खायची वस्तू हाय का?”

चियाचं थोडक्यात सांगतो. मेक्सिकोकडचं हे बारीक बी गेल्या काही वर्षांत आमच्या जिल्ह्यात रब्बीला चांगलंच पेरलं जातंय. वाशीमच्या बाजार समितीत त्याचा लिलाव होतो, आणि जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून शेतकऱ्यांना ते आवडतं. 100 ग्रॅममध्ये 42 ग्रॅम कर्बोदकं दिसतात, पण त्यातला 34 ग्रॅम चोथा, जो पचतच नाही, म्हणून हिशेबातून वजा. एका पालकाने पिशवीभर दिलं. मी बडीशेपेसारखं चमचाभर कोरडंच तोंडात टाकलं आणि वर पाणी प्यालो. ते आपल्या वजनाच्या आठ-दहा पट पाणी शोषतं. कुठे शोषलं, हे सांगायला नको.

सगळ्यात अवघड गेला तो चहा. कोणाच्याही ओट्यावर बसलं की कप येतोच, आणि तो पाकासारखा गोड नसेल तर यजमानाचा अपमान. “बिनसाखरेचा द्या,” असं मी एकदा रिसोडला सासरवाडीत म्हटलं. आठवड्याभरात बातमी गावी पोचली, की मास्तरांना साखरेची बिमारी लागली, पाय सुजले म्हणतात. एका विद्यार्थ्याने घाबरत विचारलं, “सर, तुम्ही रिटायर होणार का?”

हा सगळा आटापिटा चालू असताना एक आकडा सापडला आणि मी जरा शांत झालो. भारतीय माणसाच्या उष्मांकांपैकी सरासरी 62 टक्के कर्बोदकांतून येतात, असं इंडियाबची पाहणी सांगते. त्याच गटाने 2022 साली सुचवलं होतं, की ते 50-55 टक्क्यांच्या आसपास आणा आणि प्रथिनं 20 टक्क्यांपर्यंत वाढवा. म्हणजे भाकरीला घराबाहेर काढायची गरज नव्हतीच. लंडनच्या विल्यम बँटिंगने ब्रेड-बटाटे-बियर सोडून वजन उतरवलं आणि 1863 साली पुस्तिका छापली, तेव्हापासून लोक या वाटेने जात आहेत. साखर आणि वजन सुरुवातीला छान उतरतात, पण वर्षभरानंतर कडक पथ्य आणि साध्या पथ्यातला फरक बराच पुसला जातो, कारण कडक पथ्य कोणी पाळत नाही. मी तर आठवडाही पाळलं नाही. शिवाय हे माझ्यासारख्या खुर्चीवरच्या माणसापुरतं. दिवसभर निंदण करणाऱ्या बाईला कमी भाकरीचा सल्ला देण्याची माझी हिंमत नाही.

सध्या माझ्या ताटात अर्धी भाकरी, भाकरीपेक्षा जास्त चून, वांग्याची किंवा अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, दही आणि एक-दोन अंडी असतात. महालक्ष्म्यांच्या पंगतीत मी पुरणपोळी खाल्ली, तुपासकट, आणि त्या दिवशी यंत्र कपाटातच ठेवलं. पुढच्या तपासणीत आकडा 5.9 आला. डॉक्टर म्हणाले, “चाललंय ते चालू द्या.”

2025 च्या खरिपातलं सोयाबीन निघालं. हमीभाव 5,328 रुपये क्विंटल होता, आणि बाजारात त्याहून कमीच भाव मिळत होता. सगळा माल अडतीवर नेला, फक्त एक कट्टा घरी ठेवला. अडत्याने विचारलं, “मास्तर, एवढ्याशा कट्ट्यासाठी भाववाढीची वाट पाहता का?” मी म्हटलं, “खायला ठेवलंय.” तो इतका हसला की काट्यावरचा हमाल पोतं खाली ठेवून विचारायला आला, काय झालं म्हणून. त्याला सांगितल्यावर तोही हसला, आणि मग हळूच म्हणाला, “गुर्जी, कसं लागते?”