गोंडवाना आधी कुणाचा?

वणीत ‘गोंडवाना’ हे नाव दोन ठिकाणी कानावर पडतं. कोळसा खाणीत ते खडकाचं असतं. वेगळं राज्य मागणाऱ्या गोंडांच्या मोर्चात, पिवळ्या झेंड्यांखाली, ‘जय सेवा’च्या गजरात ते राज्याचं असतं. मी कित्येक वर्षं खाणवाल्यांच्या बाजूचा. नाव जगाचं झालं, आता त्यावर हक्क कसला सांगता, असं चारचौघांत ठणकावून बोलायचो.

भुरळच तशी होती. वर्धा खोऱ्यातल्या कोळशालगतचा करडा शेल फोडला की एखाद्या पापुद्र्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं मिळतं. मधोमध ठसठशीत शीर, दोन्ही अंगांना बारीक जाळी. ते ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीचं. १९१२ साली कॅप्टन स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात गारठून मेली. त्यांच्यासोबत सापडलेल्या दगडांतही हेच पान होतं. अंटार्क्टिका आणि आमची वणी एकाच भूखंडावर! त्यापुढे मोर्चातल्या घोषणा मला किरकोळ वाटत. शिवाय नावाचा पसारा केवढा: ऑस्ट्रेलियाने २००७ साली आपल्या वारसा वर्षावनांना ते दिलं, ब्राझीलच्या एका डायनासोरला ते मिळालं, चिलीत त्या नावाचा रेगे बँड आहे आणि आपल्या नागपूरवरून गोंडवाना एक्सप्रेस धावते.

माझं मत फिरवलं ते सनावळीने. व्हिएन्नाच्या भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूसने १८८५ साली जुन्या महाखंडाला गोंडवानाभूमी म्हटलं. त्याने ते नाव उचललं आपल्याकडच्या खडकांवरून. खडकांना ते १८७२ साली दिलं भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मेडलिकॉटने, आणि त्याला ते मुलखात आयतं मिळालं. आयतं, कारण गढा-मंडला, देवगड, खेरला, चांदा इथे गोंड राजांनी पिढ्यानपिढ्या राज्य केलं होतं. नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह त्यांच्यातलाच. म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांच्या खडकाचं नाव जेमतेम दीडशे वर्षांचं, आणि तेही उसनं! गंमत अशी की त्या बँडला, डायनासोरला, रेल्वेला कुणी पुरावा मागत नाही. मागतो तो गोंडांनाच. मागणाऱ्यांत मीही होतो.

वेगळं गोंडवाना राज्य व्हावं की नाही, हा वाद निराळा. त्यावर माझं अजून ठरलेलं नाही. पण त्या नावाने राज्य मागणारा माणूस विज्ञानाचा शब्द पळवतोय, असं आता मी म्हणणार नाही. सरकारी आखणीचं तर काय सांगावं! वर्धा नदीपलीकडची चंद्रपूरची पोरं २०११ पासून गोंडवाना विद्यापीठाची, आणि त्याच कोळशावर बसलेल्या वणीची पोरं अमरावती विद्यापीठाची.

भूगोलाच्या गुरुजींना एक विनंती. गोंडवानाभूमी शिकवताना फळ्यावर आफ्रिका-अंटार्क्टिका काढा, जरूर काढा. पण त्याआधी मुलांना एकदा चंद्रपूरचा, म्हणजे जुन्या चांद्याचा, गोंड राजांचा परकोट दाखवून आणा. वणीहून एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं.