टेपवर जागा वाचवताना

धाराशिवात सर्व्हर सांभाळताना टेप कमी पडू लागली की एक सल्ला हमखास मिळतो, सगळं टार करून, म्हणजे एका फाइलीत बांधून, एकदम जीझिपनं दाबा. जागा वाचते, हे खरं. तरीही मला हा सल्ला पटत नाही.

जीझिपमध्ये पुढचं उलगडायला मागचं शाबूत लागतं. मधेच एक बाइट बिघडला की तिथून पुढच्या डेटाचा भरवसा उरत नाही. सगळी ज्वारी एकाच पेवात ठेवावी आणि त्यातच पाणी शिरावं, तशी गत होते. म्हणून मी आधी एकेक फाइल वेगळी दाबतो, मग टार करतो. टारची हेडरं तेव्हा न दाबलेलीच राहतात, ५१२ बाइटांच्या ठोकळ्यांत. एखादं हेडरच खराब निघालं, तर टार पुढचं हेडर शोधून कामाला लागतं. अफिओ हा जुना प्रोग्रॅमही फायली अशाच सुट्या दाबतो.

शंका असेल तर एकच फोल्डर दोन्ही रीतींनी बांधा आणि हेक्स एडिटरमध्ये मधला एक बाइट बदला. पहिली फाइल उलगडताना जीझिप तक्रार करून थांबतं, किंवा शेवटी सीआरसी चूक दाखवतं आणि काय खरं, काय खोटं ते कळत नाही. दुसरीत एखादीच फाइल जाते.

याला जागा थोडी जास्त लागते, ती मी खुशाल देतो. जेपेग फोटो आणि स्कॅन केलेले कागद आधीच दाबलेले असतात, त्यांना हात लावत नाही. एलटीओ-८ टेपच्या वेष्टनावर ३० टीबी छापलेलं असतं ते २.५ पट दाबलं जाईल असं धरून. दाबलेलं पुन्हा तितकं दाबलं जात नाही, म्हणून मी १२च मोजतो. शिवाय फायली दाबत दाबत थेट टेपवर लिहू नयेत. डेटा हळू आला की ड्राइव्ह थांबतो, टेप मागे घेतो, पुन्हा धावतो. त्यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात. आधी डिस्कवर तयार करावं, मग सलग ओतावं.

दुसरी प्रत जिल्ह्याबाहेर ठेवावी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात सास्तूरसारखी गावं कोसळलेली या जिल्ह्यानं पाहिली आहेत.

तुमच्या कपाटात टेपा असतील तर या आठवड्यात त्यातली सर्वांत जुनी काढा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला आणि मधली एखादी फाइल परत आणून उघडून पाहा.