मी पाहिलेले बेट : मॉरिशस



'मी पाहिलेले बेट' असा निबंधाचा विषय दिला की मुलं निळा समुद्र, नारळाची झाडं आणि पांढरी वाळू एवढं लिहून मोकळी होतात. मॉरिशसमध्ये हे सगळं आहेच. पण मी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या गावात शिकवते. त्यामुळे माझी नजर समुद्रापेक्षा उसावरच जास्त गेली.

माझे दीर तिथे नोकरीला आहेत, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवस जाण्याचा योग आला. बेट दक्षिण गोलार्धात. आपल्याकडे उन्हाचा कडाका, तर तिकडे हिवाळ्याची सुरुवात! भूगोलातला हा धडा शिकवून जेवढा कळत नाही, तेवढा विमानातून उतरल्यावर लगेच कळतो. देश आपल्या बीड जिल्ह्याच्या पाचव्या भागापेक्षाही लहान, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस.

हा ऊस मूळचा तिथला नाही. डच लोकांनी तो १६३९ मध्ये जावा बेटावरून आणला. उडता न येणारा डोडो पक्षी याच बेटावरचा. माणसं आणि त्यांनी आणलेले डुक्कर, उंदीर यांच्यामुळे तो त्याच शतकात नाहीसा झाला. मुलांना मात्र डोडोवर थांबवू नका. मॉरिशस केस्ट्रेल नावाचा छोटा शिकारी पक्षी १९७४ मध्ये जंगलात फक्त चार उरला होता. त्याची पिल्लं माणसांनी वाढवली, रानात सोडली आणि तो वाचला. नाहीसं होणं अटळ नसतं, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

राजधानी पोर्ट लुईमध्ये बंदराजवळ 'आप्रवासी घाट' आहे. २००६ पासून तो जागतिक वारसास्थळ आहे. १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी बंद झाली, पण उसाच्या मळ्यांना माणसं तर हवीच होती. मग करारावर भारतातून मजूर नेले गेले. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख! त्यात आपल्या कोकणातली मराठी माणसंही होती. जहाजातून उतरून ज्या दगडी पायऱ्यांनी ते वर आले, त्या सोळा पायऱ्या अजून आहेत. प्रत्येकाला एक नंबर मिळायचा. नाव, गाव, जात सगळं नोंदवहीत. त्या नोंदी आजही जपून ठेवल्यात, आणि मॉरिशसची माणसं त्यातून आपल्या पणजोबांचं गाव शोधतात.

त्या पायऱ्यांपाशी मला आमच्या गावातला मुकादम आणि त्याची वही आठवली. आमच्याकडे नवरा-बायको मिळून 'एक कोयता' मोजतात. उचल घेतली की दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड निघतं. तो काळ आणि हा काळ सारखा नाही, हे मला कळतं. पण वहीत माणसाचा आकडा होतो, ते मात्र ओळखीचं वाटलं. आणि 'एक कोयता' मोजताना सोबत जाणारं पोर तर कुठेच मोजलं जात नाही.

आता पेयांबद्दल. पोर्ट लुईच्या बाजारात 'अलुदा' मिळतं. गार दूध, सब्जाचं बी, जेलीसारखे धागे आणि सुगंधी सरबत. एक घोट घेतला आणि मी म्हटलं, "अहो, हा तर आपला फालुदा!" माणसांबरोबर चवही जहाजातून आली, नाव तेवढं थोडं बदललं. वॅनिलाचा चहा प्यायलो, उसाचा ताजा रसही प्यायलो. उसापासून तिथे रमही बनते, मोठमोठ्या भट्ट्या पर्यटक बघायला जातात. आम्ही रसावरच समाधान मानलं!

विशेष म्हणजे तिथल्या शाळांत आजही मराठी शिकवलं जातं. कोकणातल्या जाखडीसारखा 'झाकरी' नाच तिथली मराठी मंडळी करतात. दीडशे वर्षांपूर्वी हातात कोयता घेऊन गेलेल्यांची नातवंडं आज शिक्षक, डॉक्टर, मंत्री आहेत. हा बदल आपोआप नाही झाला. शाळा मिळाली, म्हणून झाला.

म्हणून शिक्षक बंधू-भगिनींनो, एक विनंती. दिवाळीआधी पालकांशी बोला. हंगामी वसतिगृहात मूल ठेवता येतं का, बघा. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड हातात द्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत फोन करा. आणि पालकहो, ते कार्ड पेटीच्या तळाशी ठेवू नका. पोचल्या दिवशीच जवळच्या शाळेत दाखवा. आमच्या वर्गातली सात मुलं यंदा जाणार आहेत. त्यांची यादी मी आत्ताच केली आहे, नंबर घालून नाही, नावं लिहून.