पंधरा नंबरचा पाना

सायकलवर निघताना सोबत काय असावं याच्या याद्या तुम्हीही वाचल्या असतील. पंप, पॅच, सोल्यूशन, टायर काढायचे लिव्हर, एक जादा ट्यूब, ॲलन की. पाना त्यात क्वचितच दिसतो. कारण महागड्या सायकलींची चाकं एक दांडी फिरवली की हातात येतात. इटलीच्या टुल्लिओ काम्पान्योलो यांनी ही दांडी, म्हणजे क्विक रिलीज, रूढ केली. त्यांची कंपनी १९३३ सालची. पण आपल्याकडे शाळेला, क्लासला जाणाऱ्या मुलांच्या बहुतेक सायकलींच्या चाकांना अजूनही दोन्ही बाजूंनी नट असतात. ते बोटांनी सुटत नाहीत.

आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारात राहतो. लेक पंधरा वर्षांची, दहावीत. तिचा क्लास मांजलपूरला, साडेसहा ते आठ. तिचे बाबा नोकरीसाठी भरूचला असतात. आजीचं म्हणणं, रिक्षा लावा. लेकीचं म्हणणं, सायकलनेच जाणार. या दोघींच्या मध्ये आजोबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक अट घातली. अंधारात, मोबाइलच्या उजेडात, कोणाला न बोलावता मागच्या चाकाची ट्यूब तिला बदलता आली पाहिजे. आली तर सायकल, नाही तर रिक्षा. आजी लगेच तयार झाल्या. हे जमणार नाही अशी त्यांची खात्री असावी.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. साध्या पंक्चरला चाक काढावं लागत नाही. टायरची एक बाजू रिमबाहेर काढायची, ट्यूब ओढायची, पॅच लावायचा. रस्त्याकडेचे पंक्चरवाले तेच करतात. पण वॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली की पॅच धरत नाही. शिवाय आमच्याकडे विश्वामित्रीच्या काठाने आणि मोकळ्या प्लॉटवर विलायती बाभूळ माजलेली असते. गुजराती लोक तिला वेडीच म्हणतात. तिच्या फांदीवरून चाक गेलं की एका वेळी दोन-तीन भोकं पडतात. दोन बुजवावीत, हवा भरावी, तर तिसरं बोलायला लागतं. अशा वेळी ट्यूबच बदललेली बरी, आणि त्यासाठी चाक उतरवावं लागतं.

तिच्या सायकलचे चारही नट पंधरा नंबरचे. मांडवीच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत आम्ही दोघी हिंडलो. इथे अवजारांना सरसकट 'पाना-पक्कड' म्हणतात, त्यामुळे मागायला अडचण नव्हती, निवडायला होती. एक होता कुत्र्याच्या हाडासारखा, दोन्ही टोकांना गड्डे आणि त्यांत सात-आठ मापांची भोकं. खिशात मावतो, स्वस्त आहे, दिसतोही गमतीचा. पण भोकं सैल आणि धातू मऊ. घट्ट नटावर तो फिरला की नटाचे कोपरे झिजतात, मग चांगला पानाही धरत नाही. दुसरा, तोंड लहानमोठं होणारा आठ इंची स्क्रू पाना. काम चोख, पण घरच्या काट्यावर अडीचशे ग्रॅमच्या वर गेला. तिसरा, एका टोकाला रिंग आणि दुसऱ्या टोकाला उघडं तोंड असलेला साधा पाना. लांबी वीस सेंटिमीटर, वजन १३५ ग्रॅम. तोच घेतला. लेक म्हणाली, "आजोबा, हा सीटखालच्या पिशवीत मावत नाही. अर्धा कापून द्याल का?"

आजोबा एकतीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. कापायचं म्हटलं की त्यांना आनंदच होतो. पण त्यांनी आधी खडू मागवला.

मागच्या चाकाचे नट साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर इतके आवळलेले असतात. हा आकडा कागदावर काही सांगत नाही. हातात घेतला तर असा: नटाच्या मध्यापासून तळहाताचा मध्य दहा सेंटिमीटरवर असेल, तर नट सोडवायला साधारण पस्तीस किलोचा जोर लागतो. तोच हात वीस सेंटिमीटरवर असेल तर सतरा-अठरा. म्हणजे पाना जितका आखूड, तितका माणूस दांडगा हवा. बाजारात 'कॉम्पॅक्ट' म्हणून जे मिळतं ते बहुधा दांडग्या माणसाला समोर ठेवून केलेलं असतं, असं माझं मत झालं आहे.

आजोबांनी न कापलेल्या पान्यावर खडूने दहा, बारा, चौदा, सोळा अशा खुणा केल्या. सायकल उलटी केली. लेकीने प्रत्येक खुणेवर तळहाताचा मध्य ठेवून नट सोडवायचा. सोळावरसुद्धा नट हलेना! आजी दारातून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत.

"हा नट दुकानात आवळलाय," आजोबा म्हणाले. "लांब पाना आणि वर पायाचा जोर." त्यांनी स्वतः लांब नळी अडकवून तो सोडवला. आटे घासून पुसले, थोडं ग्रीस लावलं. मग पाना लेकीच्या हातात दिला. "आता तू आवळ. पुरेपूर."

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटली ती ही गोष्ट, आणि ती कुठल्याच यादीत नव्हती. सोबतच्या पान्याने, स्वतःच्या हाताने आवळलेला नट त्याच पान्याने, त्याच हाताने सुटतो. अर्थात तो पुरेसा घट्ट हवा, नाहीतर पॅडलवर जोर दिला की चेन चाकाला एका बाजूला ओढते आणि टायर फ्रेमला घासतो. ते तपासायला लेक लालबागच्या पुलाच्या चढावर उभी राहून पॅडल मारून आली. चाक जागचं हललं नव्हतं.

पुन्हा खडूच्या खुणा. सोळावर सहज सुटला. चौदावर जरा दम लागला. बारावर तोंड लाल झालं, पण सुटला. दहावर नाही. म्हणजे तळहाताचा मध्य निदान बारावर हवा, त्यापुढे अर्धा तळहात मावायला चार-पाच सेंटिमीटर. एकूण सतरा. कापायला उरलं काय, तर फक्त ते उघडं तोंड!

लेक हिरमुसली. आजोबांनी तरी ते तीन सेंटिमीटर मोठ्या निष्ठेने कापले. पान्याचं पोलाद कडक असतं, साध्या करवतीला दाद देत नाही, म्हणून ग्राइंडर लावला. घासताना धातू निळा पडला की त्याचं पाणी उतरतं, मग तो वाकतो. म्हणून दर काही सेकंदांनी बादलीत बुडवणं. कापलेलं टोक त्यांनी चपटं करून टायरच्या लिव्हरसारखं घडवलं आणि कानशीने, मग पॉलिश पेपरने कडा गोल केल्या. तिथे धार राहिली तर नवी ट्यूबच कापली जाते. दोन कामं एका वस्तूत आली, वजन १०५ ग्रॅमवर आलं. पिशवीत तो आजही मावत नाही. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून फ्रेमच्या नळीला बांधला आहे. खडखडत नाही आणि उघडताना तीच पट्टी हाताला पकड देते.

घरात दिवे बंद करून चार वेळा सराव झाला. चौथ्यांदा बावीस मिनिटं लागली. आजींनी रिक्षाचा विषय काढायचं बंद केलं, मनातून काढला नव्हता.

पावसाळ्यात एका गुरुवारी आठ वाजून दहा मिनिटांनी मेसेज आला: "मागची गेली. बदलतेय. दुकानासमोर उजेडात आहे. येऊ नका." मी स्कूटरची किल्ली घेतली, चपला घातल्या आणि जिन्यात उभी राहिले. खाली उतरले नाही, वरही गेले नाही. आजी मधूनमधून घड्याळ मोठ्याने वाचत होत्या. आजोबा टीव्ही लावून बसले होते, आवाज बंद होता.

नऊला पाच मिनिटं असताना ती आली. कोपरापर्यंत काळी. आजी खोबरेल तेल घेऊन पुढे झाल्या. ग्रीस त्यानेच सुटतं, साबण नंतर.

"उजवा नट सुटला लगेच?" आजोबांनी विचारलं.

"नाही. उभं राहून दाबावं लागलं."

"हात कुठे होता?"

"अगदी टोकाला."

आता तिच्या दोन मैत्रिणींना तसाच पाना हवा आहे. एकीच्या सायकलला मागे पंधरा आहे पण पुढे चौदा. आजोबा वहीत आकृत्या काढत बसलेत, आणि रविवारी दोघींना सायकली घेऊन बोलावलं आहे. खडू आणून ठेवला आहे.