न दिसणारी तार

यंत्र बिघडलें म्हणजे मनुष्याची दृष्टि प्रथम जें दिसतें त्यावर जाते. दोष मात्र पुष्कळदां जें दिसत नाहीं तेथें दडलेला असतो. विद्युत्प्रवाहाचा फेरा पुरा व्हावा लागतो, हें सूत्र मीं शाळेंत पाठ केलें होतें. त्याचें मर्म मात्र अमेरिकेंतील सेंट लुईस शहरीं, एका जुन्या मोटारीचें एरियल बदलतांना कळलें.

ती मोटार शेव्हरोले कंपनीची १९६१ सालची कॉर्व्हेट होती. या जातीच्या मोटारी १९५३ सालीं प्रथम निघाल्या. त्या वर्षीं फ्लिंट गांवीं अवघ्या ३०० तयार झाल्या. पुढें १९५४ पासून १९८१ पर्यंत त्या सेंट लुईस येथेंच होत असत. चौकट पोलादी, पण अंग मात्र काचतंतु व राळ यांचें, ही तिची विशेष रचना.

मोटारीचे धनी माझे शेजारी. वय ऐंशींच्या पुढें. दृष्टि मंदावल्यामुळें गाडी हांकणें त्यांनीं सोडलें होतें. तथापि संध्याकाळीं गाडींत बसून रेडिओवर बेसबॉलच्या सामन्याचें वर्णन ऐकण्याचा नेम त्यांनीं मोडला नव्हता. शेजारची बैठक त्यांच्या दिवंगत पत्नीची. ती रिकामी असली तरी तीवर ते कधीं कांहीं ठेवीत नसत.

एके दिवशीं एरियलची कांब मोडली. एका कारखानदारानें नवी बसविली. तरी रेडिओंतून खरखरीवांचून कांहीं येईना. तेव्हां गाडीच्या पाठीवर दुसरें भोंक पाडून निराळ्या जातीचें एरियल लावावें, असा सल्ला त्यानें दिला. म्हातारबुवा कष्टी झाले. पाडलेलें भोंक पूर्ववत् होत नाहीं, आणि ती गाडी जशी आहे तशी नातवाच्या हातीं द्यावी ही त्यांची इच्छा होती. त्यांनीं मला बोलाविलें.

विद्यार्थी मित्रहो, एरियल म्हणजे केवळ उभी कांब नव्हे. लोखंडी मोटारींत कांबेची बैठक पत्र्याला टेकते व सगळें अंगच एरियलचा दुसरा अर्धा भाग होतें. काचतंतूंतून वीज वाहत नाहीं. म्हणून येथें बैठकीपासून पोलादी चौकटीपर्यंत धातूची पट्टी न्यावी लागते. उलटपक्षीं रेडिओच्या लहरी या अंगांतून सहज पार जातात. त्यामुळेंच १९५३ च्या मोटारींत एरियलची जाळी सामानाच्या झांकणांतच दडविलेली असे. पण ठिणग्यांचा गोंगाटही तसाच पार जातो. म्हणून रेडिओ असलेल्या मोटारींत इंजिनाच्या ठिणगीच्या तारांवर धातूचीं आवरणें घालीत.

बैठक व चौकट यांमधील रोध मोजतांच मापकाचा कांटा हललाच नाहीं. चौकटीकडील पट्टीचें टोंक गंजून सुटलें होतें. तें व त्याखालची जागा घासून लख्ख केली, पट्टी घट्ट बांधली. नवी कांब जुन्याच भोकांत राहिली. खालीं रबराची चकती घातली व नट हलक्या हातानें आंवळला, कारण फार दाबलें तर या अंगास चिरा पडतात. मग १४०० किलोसायकलच्या आसपास एक क्षीण केंद्र लावून रेडिओवरील बारीक स्क्रू आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत फिरविला.

सामना चालूच होता. म्हातारबुवांनीं डोळे मिटले. बराच वेळ ते बोलले नाहींत. मग शेजारची बैठक हातानें पुसून त्यांनीं हळूच मला तीवर बसावयास सांगितलें.

उंच कांब सर्वांस दिसते व तिचेंच कौतुक होतें. पण तिला आधार देणारी पट्टी तुटली तर ती कांब लहरींत उभी राहूनही मुकीच राहते. घरांत, शाळेंत अशा न दिसणाऱ्या पट्ट्या पुष्कळ आहेत. नवें भोंक पाडण्यापूर्वीं त्या एकदां तपासून पाहाव्या.